ओव्हनशिवाय चॉकलेट-ओट्स कुकीज : सगळं लक्ष पाकाकडे

या कुकीजना ओव्हन लागत नाही, अंडं लागत नाही, मैदा लागत नाही. सगळे जिन्नस हाताशी असतील तर गॅसपाशी जेमतेम दहा मिनिटं उभं राहावं लागतं. तरीही पहिल्या खेपेला बऱ्याच जणांच्या कुकीज बिघडतात. कधी त्या बटर पेपरवर पसरून चिकट राहतात, कधी पातेल्यातच त्यांचा भुगा होतो. कृती अवघड आहे म्हणून हे होत नाही. नावात कुकी आहे म्हणून आपण तिला बिस्किटांच्या पंगतीला बसवतो आणि मापं पाळली की झालं असं समजतो. खरं तर तिचं नातं नारळाच्या वडीशी आणि पाकातल्या रव्याच्या लाडवांशी आहे. पाक नेमक्या जागी थांबवायचा, त्यात कोरडा जिन्नस मिसळायचा. पाक गार होताना साखरेचे बारीक कण पुन्हा बांधले जातात आणि पदार्थ घट्ट होतो. ज्या घरात वड्या थापल्या जातात त्या घराला हे शिकवावं लागत नाही. फरक एवढाच, की इथे पाकात कोको आणि बटर असल्यामुळे तार नीट बघता येत नाही, म्हणून पाक ओळखायची रीत थोडी बदलावी लागते.

या कुकीज मूळच्या अमेरिकन घरांतल्या. तिथल्या अ‍ॅपलेशियन डोंगराळ भागात त्यांना 'प्रीचर कुकीज' म्हणतात: चर्चचे पाद्री लांबून येताना दिसले की ते दारात पोचेपर्यंत करून होतील अशा. क्वेकर कंपनीने १९२२ साली लवकर शिजणारे पातळ ओट्स बाजारात आणले आणि असे पदार्थ सोपे झाले. आपल्याकडे आज वाण्याकडेही तेच पातळ ओट्स मिळतात, त्यामुळे जिन्नस शोधत फिरावं लागत नाही.

जिन्नस (साधारण ३० ग्रॅमच्या १६ कुकीज)

साखर २०० ग्रॅम
बटर ५५ ग्रॅम
सायीसकट दूध ६० मिली
बिनसाखरेची कोको पावडर २० ग्रॅम
पातळ, बिनमसाल्याचे ओट्स १३५ ग्रॅम
पीनट बटर ६५ ग्रॅम
व्हॅनिला इसेन्स अर्धा छोटा चमचा
बटर बिनमिठाचं असेल तर दोन चिमटी मीठ

मापं ग्रॅममध्ये दिली आहेत आणि ती तशीच घ्यावीत अशी आग्रहाची विनंती आहे. बाजारात 'कप' म्हणून मिळणारं माप कधी २०० मिलीचं असतं, कधी २४० तर कधी २५०, आणि घरातल्या वाटीला तर काहीच प्रमाण नाही. ओट्स दाबून भरले की त्याच कपात बरेच जास्त मावतात. कुकीज कोरड्या होण्याचं अर्धं कारण तिथेच असतं. साधा वजनकाटा नसेल तर निदान सगळं एकाच कपाने मोजा आणि ओट्स वरून अलगद सोडून भरा.

साखर इथे फक्त गोडीसाठी नाही, कुकीचा सांगाडाच तिचा आहे. २०० ऐवजी १७० ग्रॅम घेतली तरी कुकी बसते, जरा मऊ राहते. त्याखाली गेलात तर पाकच पुरेसा होत नाही. गूळ घालायची इच्छा अनेकांना होते, पण पूर्ण गुळावर ही कृती करू नका. गुळातल्या आंबटपणामुळे दूध फाटू शकतं, आणि गुळात साखरेखेरीज जे इतर घटक असतात ते साखरेचे कण बांधू देत नाहीत. मग कुकी खुटखुटीत न होता टॉफीसारखी दाताला चिकटते. चव हवी असेल तर ५० ग्रॅम साखरेच्या जागी ५० ग्रॅम साधा, चिकीचा नसलेला गूळ चालतो. तो किसून, पातेलं गॅसवरून उतरवल्यावर पीनट बटरबरोबर घालायचा.

कोको पावडर म्हणजे ड्रिंकिंग चॉकलेट नव्हे. ड्रिंकिंग चॉकलेटमध्ये मुख्यतः साखर असते, त्यामुळे पाकाचं गणितही बिघडतं आणि चवही फिकी येते. डब्यामागचे घटक वाचा. कोकोच्या जोडीला साखर दिसता कामा नये. कोको फिका आहे की गडद तपकिरी, याने इथे फरक पडत नाही, कारण सोडा नाही आणि काही फुगवायचं नाही.

ओट्स निवडताना पाकीट हातात घेऊन बघा. पातळ, थोडे मोडलेले, तीन मिनिटांत शिजणारे ओट्स हवेत. जाड, अख्खे चपटे ओट्सच घरात असतील तर मिक्सरला दोन-तीन झटके द्या, पीठ होऊ देऊ नका. दळलेल्या लापशीसारखे कापीव ओट्स मात्र घेऊच नका, ते या थोड्या उष्णतेत मऊ होत नाहीत. 'कच्चे ओट्स पोटाला चालतात का' असं हमखास विचारलं जातं. चपटे ओट्स कारखान्यात वाफ देऊनच दाबलेले असतात, त्यामुळे ते कच्चे नसतात.

पीनट बटर विकतचं, गुळगुळीत किंवा दाणेदार, कुठलंही चालतं. त्यात साखर असेल तर पाकातली साखर १० ग्रॅमने कमी करा. घरी करायचं तर १५० ग्रॅम शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजा, सालं काढा आणि मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. आधी कूट होईल, मग त्याचा गोळा होऊन भांड्याच्या कडेला चिकटेल, आणि चिकाटी ठेवलीत तर गोळा ढिला पडून तेल सुटेल. तेल सुटेपर्यंत थांबायचंच. नुसतं दाण्याचं कूट घातलं तर ते पाक शोषून घेतं आणि कुकी कोरडी पडते.

बटरऐवजी तूप घ्यायचं असेल तर ४५ ग्रॅम पुरे, आणि दूध ७० मिली करा, कारण बटरमध्ये थोडं पाणी असतं, तुपात नसतं. साजूक तुपाचा वास कोकोबरोबर फार छान लागतो. खोबरेल तेलही चालतं, पण ते साधारण २४ अंशांना वितळतं. उन्हाळ्यात अशा कुकीज फ्रीजबाहेर मऊच राहणार.

आधीची तयारी

पाक उतरवल्यापासून शेवटची कुकी थापेपर्यंत तुमच्या हातात तीन-चार मिनिटं असतात. त्या वेळात व्हॅनिलाची बाटली शोधायला गेलात तर मिश्रण थांबत नाही. म्हणून गॅस पेटवायच्या आधी पुढची कामं उरकून घ्या.

ओट्स कोरड्या कढईत मंद आचेवर ४-५ मिनिटं परता. रंग बदलायला नको, फक्त भाजका वास यायला हवा. हे ऐच्छिक आहे असं बऱ्याच कृतींत म्हणतात. पावसाळ्यात आणि कोकणात मात्र ते ऐच्छिक मानू नका. दमट हवेत उघडं राहिलेलं पाकीट ओलावा धरतं आणि तो ओलावा थेट कुकीत उतरतो. परतून झाले की पसरून गार करा.

दोन ताटांवर किंवा ट्रेवर बटर पेपर घाला. वर्तमानपत्र नको आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइलही नको, त्याला कुकी चिकटते. पीनट बटर आणि व्हॅनिला एका वाटीत मोजून ठेवा. दुसऱ्या वाटीत फ्रीजचं गार पाणी घ्या. थापायला दोन चमचे बाजूला काढा. दुधाचे दोन-तीन चमचे वेगळे गरम करून झाकून ठेवा, मिश्रण दगा द्यायला लागलं तर तेच उपयोगी पडतात.

पातेलं जाड बुडाचं आणि दोन लिटरचं घ्या. मिश्रण दिसायला थोडं असलं तरी दूध आणि साखर उकळताना वर चढतात. पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात मधोमध करपतं आणि तो वास कशानेही जात नाही.

कृती

साखर आणि कोको पातेल्यातच कोरडे एकत्र करा. कोकोच्या गुठळ्या चमच्याच्या पाठीने मोडा. हे आधी केलं की दुधात गुठळ्या तरंगत नाहीत, गाळणीही लागत नाही. मग दूध आणि बटर घाला आणि मंद आचेवर ठेवा.

इथे घाई करू नका. उकळी येण्याआधी साखरेचा कण न् कण विरघळलेला हवा. ४-५ मिनिटं सावकाश ढवळा, कडेला चिकटलेली साखर आत ओढत राहा. विरघळली की नाही हे डोळ्यांना कळत नाही, कारण मिश्रण पहिल्या मिनिटापासून काळंभोर दिसतं. चमच्याने एक थेंब ताटलीवर टाका, गार होऊ द्या आणि दोन बोटांत चोळा. कण लागले तर आणखी एक मिनिट. रेशमासारखं सरकलं तर आच मध्यम करा.

आता उकळी. कडेला बुडबुडे दिसू लागले म्हणजे उकळी आली असं नाही. सगळा पृष्ठभाग, अगदी मधोमधसुद्धा, भरभर उसळायला हवा आणि चमच्याने ढवळलं तरी ती उसळी बसता कामा नये. घड्याळ तेव्हा लावायचं. या मापाला ६० ते ७५ सेकंद. माप दुप्पट केलंत तर ९० सेकंद. मुसळधार पावसाच्या दिवशी १५ सेकंद जास्त द्या. या वेळात ढवळणं सावकाश, तळापासून. जोरात घोटलं तर साखर वेळेआधीच कण धरते.

इंडक्शनवर करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. बऱ्याच शेगड्या कमी वॉटला सलग तापत नाहीत, चालू-बंद होतात. उकळी उसळते आणि लगेच बसते, आणि घड्याळ मात्र चालूच राहतं. १००० वॉटच्या आसपास ठेवून ढवळत राहणं बरं.

घड्याळ हा अंदाज आहे. तुमची आच, पातेल्याची रुंदी, हवा, सगळं त्यात मिसळलेलं असतं. खात्री पाण्यात होते. साठ सेकंद झाले की गॅस बंद करा (चाचणी चालू असताना पाक शिजत राहायला नको) आणि एक थेंब गार पाण्याच्या वाटीत सोडा. पाणी तपकिरी होऊन थेंब विरघळला तर पाक कच्चा आहे. गॅस पेटवा आणि आणखी १५ सेकंद उकळा. थेंब तळाशी जाऊन तसाच राहिला, बोटांनी गोळा झाला, आणि पाण्याबाहेर काढल्यावर बोटांत दाबताच चपटा झाला, तर पाक तयार. हीच मऊ गोळी. गोळी टणक लागली, दाबूनही आकार सोडेना, तर पाक पुढे गेला. लगेच एक चमचा गरम दूध घालून ढवळा.

थर्मामीटर असेल तर समुद्रसपाटीला ११२ ते ११४ अंश सेल्सिअस हा आकडा बघा. पातेलं जरा तिरकं करून टोक पाकात बुडवा, तळाला टेकू देऊ नका. पण आकडा डोळे मिटून घेऊ नका. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, साधारण दर ३०० मीटरला एक अंशाने. पुण्यात ते ९८ अंशांच्या जवळ असतं, महाबळेश्वरला ९५-९६ च्या आसपास. म्हणून त्या दिवशी आधी साधं पाणी उकळून थर्मामीटर काय दाखवतो ते बघा आणि त्यात १३ मिळवा. जो आकडा येईल तो तुमच्या गावचा, तुमच्या थर्मामीटरचा. महाबळेश्वरला ११३ ची वाट बघत बसलात तर पाक कडक होऊन बसेल.

वजनकाटा घरात असणाऱ्यांसाठी आणखी एक पडताळा आहे. दूध आणि बटर मिळून या मापात साधारण ६० ग्रॅम पाणी असतं. पाक योग्य जागी येतो तेव्हा त्यातलं २५ ग्रॅमच्या आसपास उडून गेलेलं असतं. सगळं घालून पातेल्याचं वजन आधी टिपून ठेवा आणि उकळल्यावर, काट्यावर जाड फडकं घालून, पुन्हा करा. दोन-तीन वेळा केलंत की मग नजरच बसते.

पाक उतरवला की पीनट बटर आणि व्हॅनिला घाला. दोन्ही गॅसवर घालू नयेत: व्हॅनिलाचा वास उडतो आणि पीनट बटर तळाला लागून तेल सोडतं. वीसेक सेकंदांत ते विरघळून एकजीव होईल. लगेच सगळे ओट्स एकदम घाला आणि तळापासून वर घेत अर्धा मिनिट मिसळा, एकही कोरडा पांढरा ओट दिसू नये.

आता दोन चमच्यांनी लिंबाएवढे गोळे बटर पेपरवर सोडा आणि चमच्याच्या पाठीने पाच सेंटीमीटर रुंद, दीड सेंटीमीटर जाड थापा. हाताने थापायला जाऊ नका, मिश्रण आत अजून भाजण्याइतकं गरम असतं. थापल्यावर कुकी ओल्या मातीसारखी चकाकते. पाच-सात मिनिटांनी कडेकडून ती चकाकी विझू लागते, मग मधला ठिपका तेवढा चमकत राहतो, आणि शेवटी तोही मावळून सगळी कुकी मखमलीसारखी मंद दिसते. आत साखर कण धरते आहे याची ती खूण. अर्ध्या तासाने कडेला बोट घालून उचला. कागद स्वच्छ सुटला आणि कुकी न वाकता वर आली की झालं.

एकेक कुकी थापायचा कंटाळा येत असेल, किंवा माप दुप्पट असेल, तर तूप लावलेल्या थाळीत सगळं ओता, तळाला तूप लावलेल्या वाटीने सारखं करा आणि १५ मिनिटांनी वड्या पाडा. पूर्ण गार झाल्यावर सुरी लावलीत तर वड्या तुटतात. आमच्या मते मोठ्या मापाला हीच पद्धत जास्त खात्रीची, कारण मिश्रण पातेल्यात वाट बघत बसत नाही.

मुलांना सोबत घेण्यासारखी ही कृती आहे. मोजणं, साखर-कोको मिसळणं, थाळीला तूप लावणं त्यांना खुशाल द्या. उकळीपासून थापेपर्यंत मात्र त्यांना ओट्यापासून दूर ठेवा. पाक पाण्यापेक्षा जास्त तापतो आणि त्वचेला चिकटून भाजत राहतो. अंगावर उडालाच तर वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नका.

बिघडलं तर

तासाभरानंतरही कुकीज ओल्या आणि चिकट असतील तर पाक कच्चा राहिला आहे. आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून बघा. तेवढ्याने बसल्या तर त्या फ्रीजमधल्याच म्हणून खायच्या. नाही बसल्या तर सगळं परत पातेल्यात घ्या, एक चमचा दूध घाला, मंद आचेवर ढवळत दोन मिनिटं गरम करा आणि दोन मोठे चमचे ओट्स घालून पुन्हा थापा. ओट्स जरा मऊ होतात, पण पदार्थ वाचतो. तेवढाही उत्साह नसेल तर गार मिश्रणाचे छोटे लाडू वळून सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवा; खाणाऱ्याला ते तसेच करायचे होते असं वाटेल.

उलट, मिश्रण पातेल्यातच सुटं आणि भुसभुशीत होत असेल तर उकळी जास्त झाली किंवा ओट्स जास्त पडले. बाजूला ठेवलेलं गरम दूध इथे कामाला येतं. एक चमचा घाला, ढवळा, गरज वाटली तरच दुसरा. गार दूध घालू नका, पाक तिथल्या तिथे आखडतो.

खाताना दातांखाली साखर करकरत असेल तर ती उकळीआधी विरघळलेली नव्हती, किंवा कडेचे सुके कण शेवटी खरवडून आत आले. हे नंतर सुधारता येत नाही. पुढच्या वेळी साखर विरघळल्यावर एक मिनिट झाकण ठेवा, वाफेने कडा आपोआप धुतल्या जातात.

वर तेल तरंगत असेल तर आच फार होती किंवा पीनट बटरच्या बरणीत वर सुटलेलं तेल न ढवळता तसंच ओतलं गेलं. चमचाभर गरम दूध घालून जोरात घोटा, बहुतेक वेळा तेल परत आत जातं.

बदल

३० ग्रॅम ओट्स कमी करून तेवढाच भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा कीस घातला की कुकी जास्त खुसखुशीत होते आणि चव लगेच ओळखीची वाटते. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर काजूचं बटर किंवा भाजलेले तीळ तेल सुटेपर्यंत वाटून ६० ग्रॅम घ्या. तिळाची किंचित कडसर चव कोकोला फार शोभते. शाळेच्या डब्यात दाण्याच्या कुकीज देताना मात्र त्यात दाणे आहेत हे मुलाला नक्की सांगा, डबा वाटून खाल्ला जातो. गव्हाचं पथ्य असणाऱ्यांनी 'ग्लुटेनविरहित' लिहिलेले ओट्सच घ्यावेत. साध्या ओट्समध्ये शेतात किंवा गिरणीत गहू मिसळलेला असू शकतो.

एवढी साखर नकोच असेल तर ही कृती कापत बसण्यापेक्षा वेगळी करा. १५० ग्रॅम डार्क चॉकलेट, ८० ग्रॅम पीनट बटर आणि एक मोठा चमचा तूप गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवा. वरच्या भांड्याचा तळ पाण्याला टेकू नये, आणि आत पाण्याचा थेंबही पडू नये, नाहीतर चॉकलेट आखडून दाणेदार होतं. त्यात १०० ग्रॅम परतलेले आणि पूर्ण गार झालेले ओट्स मिसळून थापा आणि फ्रीजमध्ये घट्ट करा. इथे पाक नाही, चॉकलेटच गोठून कुकी धरतं, त्यामुळे या उन्हाळ्यात बाहेर टिकत नाहीत.

पाकाच्या कुकीज पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, आतल्या वाफेने ओलावा धरतात. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, थरांमध्ये बटर पेपर घाला. कोरड्या, थंड हवेत त्या बाहेर ४-५ दिवस चांगल्या राहतात. मुंबईच्या मे महिन्यात आणि सगळ्या पावसाळ्यात फ्रीजच बरा. तिथे दोन आठवडे टिकतात, फ्रीझरमध्ये दोन महिने. फ्रीजमधून डबा काढल्यावर लगेच झाकण उघडू नका. वीस मिनिटं बंद डबाच बाहेर राहू द्या, म्हणजे घाम डब्याला बाहेरून सुटतो, कुकीजना नाही.